घाटातला ग्लेव्ह: चौथ्या लेव्हलला फीट निवडताना

ठाण्यात नौपाड्यातल्या एका घरी रविवारी दुपारी आमचा डंजन्स अँड ड्रॅगन्सचा डाव बसतो. हा फाशांवर चालणारा गोष्टीचा खेळ आहे, प्रत्येक खेळाडू एक पात्र चालवतो. पाचवी आवृत्ती, २०१४ च्या प्लेयर्स हँडबुकचे नियम. खेळाडू चौघे, प्रत्येकाच्या पात्राचा वर्ग वेगळा: फायटर म्हणजे लढवय्या, विझार्ड म्हणजे जादूगार, क्लेरिक म्हणजे देवाच्या बळावर मंत्र टाकणारी, रेंजर म्हणजे रानवाटांचा शिकारी. फायटर खेळणारा मुलगा कॉलेजात आहे, नेरूळहून ट्रान्स-हार्बरच्या लोकलने येतो आणि मेगाब्लॉक असला की तासभर उशिरा पोचतो. विझार्ड आहेत बँकेतून निवृत्त झालेले काका. ऐरोलीला नोकरी करणारी माझी मैत्रीण रेंजर खेळते, धनुष्यबाण घेऊन. मी क्लेरिक, लाइफ डोमेनची: हातात गदा, दुसऱ्या हातात ढाल. डीएमला, म्हणजे गोष्ट आणि शत्रू चालवणाऱ्याला, सगळे दादा म्हणतात.

आमची पात्रं तिसऱ्या लेव्हलवरून चौथ्यावर जाणार होती. चौथ्या लेव्हलला प्रत्येकाला निवड करावी लागते: एखाद्या गुणात, म्हणजे स्ट्रेंग्थ, विझडम अशांपैकी एकात, दोनची वाढ घ्यायची, किंवा डीएमची परवानगी असेल तर ती सोडून एक फीट घ्यायचं. फीट म्हणजे पात्राने मिळवलेलं खास कसब. २०१४ च्या पुस्तकात फीट हा ऐच्छिक नियम आहे आणि आमच्या दादाने तो पहिल्यापासून चालू ठेवलाय. पुढची संधी बहुतेक वर्गांना थेट आठव्या लेव्हलला येते. फायटरला मधे सहाव्याला एक जादा मिळते. म्हणजे इथे जे निवडू ते घेऊन बरेच महिने खेळायचं. त्या निवडीची ही पूर्ण हकिगत आहे.

निवडीआधीची लढाई आम्ही हरलो होतो, आणि तिचा तपशील महत्त्वाचा आहे. दादाने नाणेघाटासारखी एक खिंड रचली होती. खाली कोकण, वर पठार, मधे दगडी पायऱ्यांची अरुंद वाट, आणि वाटेवर जकात उकळत बसलेले चार हॉबगॉब्लिन आणि त्यांचा एक बगबेअर म्होरक्या. आम्ही त्यांना गाठलं ते खिंडीच्या खालच्या तोंडाशी, जिथे जागा ऐसपैस होती. आमचा फायटर सगळ्यांत पुढे उभा. त्याच्या हातात ग्लेव्ह: लांब दांड्याचं पातं, दहा फुटांवरून लागणारं. मी त्याच्या मागे, माझ्या मागे विझार्ड आणि रेंजर.

दोन हॉबगॉब्लिन त्याला वळसा घालून सरळ माझ्यावर आले, आणि त्याला काहीच करता आलं नाही. ही गोष्ट नव्या खेळाडूंना फार चकवते. पाचव्या आवृत्तीत शत्रू तुमच्या पोचेतून बाहेर पडला तरच त्याच्यावर संधीचा वार, म्हणजे अपॉर्च्युनिटी अटॅक, करता येतो. पोचेच्या आतल्या आत तो कितीही फिरला तरी नाही. ग्लेव्हची पोच दहा फूट, त्यामुळे आतला परीघ मोठा, आणि शत्रूला त्यातूनच फेरी मारून मागच्या माणसापर्यंत जाता येतं. लांब हत्यार हातात आहे म्हणून वाट अडली, असं होत नाही.

माझ्यावर दोन घाव बसले. हॉबगॉब्लिनची तलवार एक-डी-आठ अधिक एक, म्हणजे आठ बाजूंच्या एका फाशाचा आकडा आणि वर एक. पण ज्याला तो मारतो त्याच्या पाच फुटांत त्याचा दुसरा साथीदार उभा असेल, तर टर्नमधून, म्हणजे एका पाळीत, एकदा दोन-डी-सहा जादा बसतात. सरासरी साडेपाचचा घाव साडेबारांचा होतो. माझ्या कॉन्सन्ट्रेशनवर, म्हणजे एकाग्रता टिकेल तोवर, ब्लेस चालू होता, फायटर, रेंजर आणि विझार्डवर. या मंत्राने त्यांच्या फाशांत एक-डी-चार मिळतात. प्रत्येक घावाला कॉन्स्टिट्यूशनची कसोटी: वीस बाजूंच्या फाशाने दहा गाठायचे, माझं कॉन्स्टिट्यूशन १४ म्हणून फाशात अधिक दोन. एका घावातून मंत्र टिकण्याची शक्यता ६५ टक्के, दोन घावांतून ४२. दुसऱ्या घावाला ब्लेस गेला. मग रेंजर पडली, विझार्ड पडले, आणि त्यांना ओढत आम्ही खाली पळालो.

मी डावाची वही ठेवते. प्रत्येक पात्राला राउंडला, म्हणजे सगळ्यांच्या एकेका टर्नच्या फेरीला, तीन गोष्टी मिळतात: ॲक्शन, जोडीची छोटी बोनस ॲक्शन, आणि बहुधा दुसऱ्याच्या टर्नला वापरायची रिॲक्शन. वहीत प्रत्येकासमोर या तीन गोष्टींचे रकाने असतात. शत्रूच्या नावापुढे कितीचा फासा लागला आणि कितीचा हुकला हेही लिहिते. दादा आर्मर क्लास, म्हणजे वार लागायला फाशाने गाठायचा आकडा, आमच्या भाषेत एसी, कधीच सांगत नाही. पण सतरा हुकला आणि अठरा लागला अशी नोंद असली की वेगळं विचारावं लागत नाही. हॉबगॉब्लिनचा एसी १८ हा आम्ही असाच काढला.

फायटरच्या ओळीवर नजर टाकली तेव्हा चित्र साफ होतं. ॲक्शनला एक वार, दर राउंडला. बोनस ॲक्शनचा रकाना जवळजवळ कोरा: विश्रांतीमागे एकदा मिळणारा सेकंड विंड, बाकी काही नाही. रिॲक्शन पूर्ण कोरी. माझ्या मते फीटचा विचार इथून सुरू व्हायला हवा. आपल्या राउंडमधला कुठला भाग रिकामा जातो, आणि आपल्या टेबलावर, आपल्या डीएमच्या शत्रूंसमोर, तो कशाने भरेल? फीट मुळात किती जबरदस्त आहे हा प्रश्न त्यानंतरचा.

फायटर मात्र लोकलमध्ये मोबाइलवर मार्गदर्शकं वाचून आला होता आणि त्याचं ठरलं होतं. “ताई, सगळीकडे एकच लिहिलंय. ग्रेट वेपन मास्टर. दहा जादा डॅमेज! याच्यापुढे दुसरं काय घ्यायचं?”

काकांनी चष्मा वर केला. “सगळीकडे लिहिलंय ते कुठल्या लेव्हलसाठी, ते बघितलंस का बाळा? पाचव्याला तुझे दोन वार होतील. आत्ता एकच आहे.”

या फीटचा लौकिक खोटा नाही. जड हत्याराने वार करण्याआधी फाशातून पाच वजा करायचे, आणि लागला तर डॅमेजमध्ये दहा मिळवायचे, हा सौदा पाचव्या आवृत्तीतल्या सगळ्यांत गाजलेल्या गोष्टींपैकी एक आहे. कल्पना जुनी आहे. २००० साली तिसऱ्या आवृत्तीने फीट आणले तेव्हा त्यात पॉवर अटॅक होतं: अचूकता द्या, ताकद घ्या. पण सौदा म्हटला की भाव बघावा लागतो, आणि इथे भाव ठरतो तुमची मूळ अचूकता आणि समोरच्याचा एसी यांवर.

काकांनी कागद घेतला. फायटर साधा मानव, स्ट्रेंग्थ १६ चे अधिक तीन, प्रोफिशियन्सीचे, म्हणजे लेव्हलबरोबर वाढणाऱ्या सरावाचे, अधिक दोन, मिळून फाशात अधिक पाच. ग्लेव्ह एक-डी-दहा अधिक तीन, सरासरी साडेआठ. लढण्याची शैली डिफेन्स, त्यामुळे डॅमेजच्या फाशात काही फिरवाफिरवी नाही. तीन पर्याय मांडले: स्ट्रेंग्थ १८ करणं, ग्रेट वेपन मास्टर, आणि पोलआर्म मास्टर. शेवटच्या फीटने ग्लेव्हच्या दांड्याच्या दुसऱ्या टोकाने बोनस ॲक्शनला एक जादा वार मिळतो, एक-डी-चार अधिक तीन. शिवाय शत्रू तुमच्या पोचेत शिरताच रिॲक्शनने संधीचा वार करता येतो. खालचे आकडे एका टर्नच्या सरासरी डॅमेजचे आहेत. क्रिट, म्हणजे फाशावर वीस पडल्यावर बसणारा मोठा घाव, आणि रिॲक्शनचा वार त्यात धरलेला नाही.

| शत्रू | स्ट्रेंग्थ १८ | ग्रेट वेपन मास्टर, पाच वजा करून | पोलआर्म मास्टर |
|---|---|---|---|
| ओगर, एसी ११ | ७.६ | ९.३ | १०.५ |
| ऑर्क, एसी १३ | ६.७ | ७.४ | ९.१ |
| गॉब्लिन, एसी १५ | ५.७ | ५.६ | ७.७ |
| हॉबगॉब्लिन, एसी १८ | ४.३ | २.८ | ५.६ |

शेवटची ओळ बघून मुलगा गप्प झाला. हॉबगॉब्लिनवर पाच वजा करून मारायचं तर फाशावर अठरा, एकोणीस किंवा वीसच हवेत. १५ टक्के. अर्थात तो सौदा दर वाराला ऐच्छिक असतो. नको तिथे करायचा नाही, मग सरासरी ३.४ वर येते. पण तसं असेल तर ज्या शत्रूने आपल्याला हरवलं त्याच्यासमोर हे फीट नुसतं खिशात राहणार.

डॅमेजची सरासरी आणखी एका बाबतीत फसवते, आणि मार्गदर्शकं इथे फारशी थांबत नाहीत. गॉब्लिनचे हिट पॉइंट, म्हणजे जीव, सात. ग्लेव्हचा साधा वार चार ते तेरा. दहा बाजूंच्या फाशावर चार किंवा जास्त पडले की गॉब्लिन मेलाच, म्हणजे लागलेल्या वारांपैकी ७० टक्के वार तसेही पुरे पडतात. तिथे जादा दहा कुठे जाणार? मेलेल्याला मारण्यात. त्या दहासाठी आपण मात्र ५५ टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर उतरलेलो. मोठा सौदा मोठ्या, मऊ शत्रूवर फळतो: ओगरचे हिट पॉइंट ५९ आणि एसी फक्त ११. आमच्या खिंडीत तसं कोणी नव्हतं.

त्या फीटचा दुसरा अर्धा भाग लोक विसरतात, आणि मला तो जास्त आवडतो. क्रिट पडला किंवा शत्रू शून्यावर गेला की बोनस ॲक्शनला आणखी एक पूर्ण वार, पाच वजा न करता. आमचा फायटर चॅम्पियन या उपवर्गाचा आहे, त्याला एकोणीसवरही क्रिट लागतो. तरी गॉब्लिनांसमोर ही संधी सुमारे ४० टक्के टर्नमध्येच येते, आणि हॉबगॉब्लिनांसमोर, त्यांचे हिट पॉइंट अकरा आणि एसी अठरा असल्याने, त्याहून बरीच कमी. पोलआर्म मास्टरचा दांडा दर टर्नला चालतो. छोटा असेल, पण हक्काचा.

पोलआर्म मास्टर सगळीकडेच जिंकतं असंही कोणी समजू नये. ॲडव्हान्टेज मिळाला, म्हणजे दोन फासे टाकून मोठा धरता आला, तर ओगरवर ग्रेट वेपन मास्टर १३.९ वर जातं आणि पोलआर्म मास्टर १३.१ वर राहतं. आमच्या पार्टीत बार्बेरियन असता तर मी वेगळा सल्ला दिला असता. दुसऱ्या लेव्हलपासून तो रेकलेस अटॅकने दर टर्नला ॲडव्हान्टेज घेऊ शकतो आणि तिथे पाच वजा करणं फार स्वस्त पडतं. आमच्याकडे ॲडव्हान्टेजचा नेमाने येणारा स्रोत नाही. विझार्डांचं वेब, म्हणजे शत्रूला जाळ्यात अडकवणारा मंत्र, लागलं तर आहे, नाही तर नाही.

मग काकांनी सेंटिनलचा मुद्दा काढला, आणि त्यावर सगळ्यांत जास्त वेळ गेला. सेंटिनलने संधीचा वार लागला की शत्रूची गती त्या टर्नपुरती शून्य होते. “तो माणूस तुझ्याजवळून निसटून ताईंवर गेला, हेच दुखणं होतं ना? मग त्याला रोखणारं घे.” ऐकायला अगदी बरोबर. पण नियम शब्दशः वाचला तर नुसतं सेंटिनल घेऊन ती लढाई बदलली नसती. हॉबगॉब्लिन त्याच्या पोचेतून बाहेर पडलेच नव्हते, आतूनच फिरून आले होते, त्यामुळे संधीचा वार मुळात निघालाच नसता. सेंटिनलचा आणखी एक वार आहे, शेजारच्या शत्रूने आपल्याऐवजी दुसऱ्याला मारलं तर. त्यासाठी शत्रू पाच फुटांत हवा. ग्लेव्हची पोच दहा फूट असली तरी तिथे पाचच.

ही दोन फीट एकत्र आली की मात्र चित्र पालटतं. पोलआर्म मास्टरमुळे शत्रू दहा फुटांवर पोचेत शिरताच वार, आणि वार लागला तर सेंटिनलमुळे तो तिथेच खिळतो. पाच फूट पोच असलेल्याचं हत्यार मग पोचतच नाही. जोडीतलं एकच आत्ता मिळणार, दुसरं सहाव्याला. कुठलं आधी? मी पोलआर्म मास्टर म्हटलं, कारण ते एकटंही बोनस ॲक्शन आणि रिॲक्शन असे दोन्ही कोरे रकाने भरतं. सेंटिनल एकटं असेल तर रिॲक्शनचा रकाना कधीमधी भरेल. शिवाय राउंडला रिॲक्शन एकच. चार शत्रू एकदम आले तर सेंटिनलही एकालाच थांबवणार, बाकीच्यांसाठी जागा अरुंद हवी.

मुलाने पोलआर्म मास्टर लिहिलं. नाखुशीने, पण स्वतःच्या हाताने.

माझी निवड मला जास्त अवघड गेली. विझडम १६ ची १८ केली तर मंत्रांचा कसोटीचा आकडा, म्हणजे मंत्र चुकवायला शत्रूने गाठायचा आकडा, १३ वरून १४ होतो आणि रोज एक जादा मंत्र तयार ठेवता येतो. क्लेरिकसाठी हा नेहमीचा सल्ला आहे आणि तो चांगला आहे. पण माझ्या ओळीत कॉन्सन्ट्रेशन तुटल्याच्या खुणा जास्त होत्या. ब्लेस तुटला की नुकसान एकट्या माझं होत नाही, तिघांचे फासे प्रत्येकी सरासरी अडीचने खाली येतात. दोन उपाय होते. रेझिलियंट घेतलं तर कॉन्स्टिट्यूशन एकने वाढून कसोटीत प्रोफिशियन्सी मिळते. वॉर कास्टर घेतलं तर कॉन्सन्ट्रेशनच्या कसोटीला ॲडव्हान्टेज. माझं कॉन्स्टिट्यूशन सम आकड्यावर, १४, त्यामुळे त्या एका वाढीचा आत्ता काही उपयोग नाही. रेझिलियंटने ७५ टक्के, वॉर कास्टरने जवळपास ८८. प्रोफिशियन्सी वाढत जाते तसं रेझिलियंट वर चढतं, पण या आकड्यांवर ते तेराव्या लेव्हलला पुढे जातं. कॉन्स्टिट्यूशन १५ असतं तर १६ होऊन अंतर कमी झालं असतं, आणि विषासारख्या इतर कसोट्या धरून मी रेझिलियंटचाच गंभीरपणे विचार केला असता.

वॉर कास्टरचा दुसरा फायदा ढाल-गदा घेऊन उभ्या राहणाऱ्या क्लेरिकला रोज जाणवतो. ढालीवर देवचिन्ह कोरलेलं असेल तर ब्लेससारखे मंत्र त्या हाताने होतात, कारण त्यात साहित्य लागतं. पण क्युअर वूंड्स या जखमा भरणाऱ्या मंत्राला साहित्य नाही, नुसती हाताची मुद्रा आहे, आणि तिला नियमाने मोकळा हात हवा. वॉर कास्टर असलं की गदा खाली टाकावी लागत नाही.

रेंजरचा प्रश्न लवकर सुटला. शार्पशूटरमध्ये पाच आणि दहाचा तोच सौदा धनुष्यासाठी आहे. मुलगा लगेच म्हणाला, “मला नाही म्हणालात आणि तिला हो?” हो, कारण तिच्याकडे आर्चरी शैलीचे अधिक दोन आहेत. डेक्सटेरिटी १६ असतानाही तिच्या फाशात अधिक सात पडतात, म्हणजे वजा होणाऱ्या पाचांतले दोन आधीच वसूल. एसी १५ वर शार्पशूटरने सरासरी सात, डेक्सटेरिटी १८ करून सहाच्या जरा खाली. हॉबगॉब्लिनवर मात्र ४.४ विरुद्ध ४.७, म्हणजे तिथे डेक्सटेरिटी किंचित पुढे. पारडं फिरलं ते खिंडीतल्या दगडांमुळे. अर्ध्या आडोशाने एसी दोनने वाढतो, पाऊण आडोशाने पाचने, आणि शार्पशूटर दोन्ही आडोसे मोजतच नाही. ज्या डीएमच्या नकाशात असे दगड भरपूर असतात त्याच्या टेबलावर ही एक ओळ जादा दहाइतकीच मोलाची आहे.

काकांनी इंटेलिजन्स १८ केली. वेब टाकून मागे राहायचं हा त्यांचा खेळ आहे, आणि तिथे कसोटीचा आकडा एकने वाढणं हीच खरी वाढ. चर्चा झाली नाही, करायचं कारणही नव्हतं.

चौथ्या लेव्हलवर आम्ही त्याच खिंडीत परत गेलो, पण वरच्या बाजूने. आता वाट दहा फूट रुंद, नकाशावर दोन चौकोन. एका चौकोनात फायटर, त्याच्या शेजारी ढाल घेऊन मी. आमच्यामधून शत्रूला जागाच नाही. ब्लेस या वेळी फायटर, रेंजर आणि माझ्यावर. ब्लेसचा डी-चार कसोट्यांनाही लागतो, त्यामुळे क्लेरिक त्या तिघांत असेल तर मंत्र स्वतःच स्वतःला धरून ठेवायला मदत करतो. वॉर कास्टरसह एका घावातून टिकण्याची शक्यता जवळपास ९५ टक्के, दोन घावांतून ९०. मागच्या वेळचे ४२ आठवा.

पहिला हॉबगॉब्लिन पायऱ्या चढून पोचेत शिरला आणि मुलाने लगेच हात वर केला: रिॲक्शन. लागला. मग त्याच्या टर्नला पातं, आणि वर दांडा. ब्लेस धरून एसी १८ वर त्याची शक्यता साडेबावन्न टक्के, आणि हे तीन वार मिळून राउंडची सरासरी ११.८. हॉबगॉब्लिनचे हिट पॉइंट अकरा. याआधी हीच सरासरी, ब्लेस असतानाही, साडेचार होती.

म्हणजे साधारणपणे दर राउंडला एक हॉबगॉब्लिन पडतो, आणि याचा अर्थ नुसत्या डॅमेजहून मोठा आहे. त्यांचे ते दोन-डी-सहा आमच्याशेजारी त्यांचा दुसरा साथीदार उभा राहिला तरच लागतात. पहिला कोसळून दुसरा वर येईपर्यंत शेजारी कोणी नसतो, आणि साडेबाराचा घाव साडेपाचवर येतो. आम्ही फीट निवडलं ते मारा वाढवायला, पण मला त्याची खरी कमाई आमच्यावरचा मारा कमी होण्यात दिसली. ही गोष्ट कुठल्याही डॅमेजच्या तक्त्यात दिसत नाही, कारण तक्त्यात शत्रू एकटा आणि निमूट उभा असतो.

श्रेय सगळं फीटचं नव्हे. अरुंद जागा आम्ही निवडली होती. मोकळ्या मैदानात तेच पोलआर्म मास्टर एका शत्रूला एक वार करून थांबलं असतं आणि बाकीचे तिघे मागे पोचले असते. आणि तीन राउंडची एक लढाई म्हणजे पुरावा नव्हे. फासे त्या दिवशी आमच्या बाजूने पडले. पण रकाने भरले होते, आणि ते फाशांवर अवलंबून नसतं.

फीट कुठे थिटं पडलं तेही लिहायला हवं. दादा शत्रूंना डोकं देऊन खेळवतो. दोन पडल्यावर उरलेले हॉबगॉब्लिन मागे सरले आणि लांब धनुष्यं काढून दगडांआडून बाण सोडू लागले. फायटरचा दांडा आणि रिॲक्शन दोन्ही एकदम निकामी. तो भाले फेकत राहिला, टर्नला एक. ते दोघे रेंजरने टिपले, शार्पशूटरने, आडोशाला न जुमानता.

पुढच्या गुहेत गॉब्लिन भेटले आणि वादाचा प्रसंग आला. गॉब्लिनला बोनस ॲक्शनने डिसएंगेज घेता येतो. दादाचा गॉब्लिन डिसएंगेज घेऊन आत आला, मुलाने रिॲक्शन मागितली, दादा म्हणाला नाही. पुस्तक उघडलं. डिसएंगेज घेतला की त्या टर्नला हालचालीमुळे संधीचा वार निघत नाही, आणि पोचेत शिरण्यावरचा पोलआर्म मास्टरचा वारही संधीचाच वार. दादाचं बरोबर होतं. “मग सहाव्याला सेंटिनल घेतो, ते डिसएंगेजला जुमानत नाही,” मुलगा म्हणाला. तेही अर्धंच खरं आहे: सेंटिनल डिसएंगेज मोडतं ते पोचेतून बाहेर जाणाऱ्यासाठी, आत येणाऱ्यासाठी नाही. गॉब्लिन आत येईल. त्याला परत जाऊ न देणं एवढंच सेंटिनल करेल.

नवीन पुस्तक वापरणाऱ्यांनी वरचे आकडे जसेच्या तसे घेऊ नयेत. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या प्लेयर्स हँडबुकमध्ये ग्रेट वेपन मास्टर आणि शार्पशूटर दोन्हींतून पाच आणि दहाचा सौदा काढून टाकलाय. जड हत्याराने अटॅक ॲक्शनमध्ये लागलेल्या वाराला आता प्रोफिशियन्सीइतकं जादा डॅमेज मिळतं. चौथ्या लेव्हलपासूनची ही फीट गुणात एकची वाढही देतात, त्यामुळे गुण की फीट ही ओढाताण पूर्वीइतकी राहिली नाही. रिकाम्या बोनस ॲक्शनचा आणि रिॲक्शनचा प्रश्न मात्र तिथेही तसाच उभा राहतो. आमची मोहीम जुन्या पुस्तकावर सुरू झाली, ती त्याच्यावरच संपवायची असं ठरलंय.

आता सहावी लेव्हल जवळ आली आहे आणि काकांचा कागद पुन्हा निघालाय. पाचव्यापासून फायटरचे वार दोन, त्यात दांडा, म्हणजे टर्नला तीन. ग्लेव्ह जड हत्यार असल्याने ग्रेट वेपन मास्टरचे दहा दांड्याच्या वारालाही लागतात. एसी १५ वर स्ट्रेंग्थ १८ ने सरासरी १६.६, ग्रेट वेपन मास्टरने १८.४. चौथ्या लेव्हलला जे फीट मागे पडत होतं तेच आता, वार वाढल्यामुळे, पुढे आहे. एसी १८ वर मात्र अजूनही १२.८ विरुद्ध १०.५, स्ट्रेंग्थच बरी. पण ब्लेस चालू असेल तर तिथेही पारडं फिरतं: १५.९ विरुद्ध १७.१. म्हणजे त्याचं पुढचं फीट फळणार की नाही हे बऱ्याच अंशी माझा मंत्र टिकण्यावर आहे.

सेंटिनल की ग्रेट वेपन मास्टर यावर एकमत झालेलं नाही. काका अजून सेंटिनलच्या बाजूने आहेत. पठारावर हिल जायंट उतरलेत अशी बातमी दादाने गावकऱ्यांच्या तोंडून पेरली आहे. मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये हिल जायंटचा एसी १३ आणि हिट पॉइंट १०५ आहेत. तिथे जादा दहातला एकही वाया जात नाही. त्याची पोचही दहा फूट, त्यामुळे सेंटिनलने दहा फुटांवर खिळवला तरी त्याचा सोटा आपल्याला लागणारच. हे दाखवल्यावर मुलगा ग्रेट वेपन मास्टरकडे झुकलाय, आणि जायंट भेटले तर पहिल्या टर्नला ब्लेस त्याच्यावर टाकायचा हे मी वहीत लिहून ठेवलंय.